हँडल फिरवून काही कळत नाही, स्पूल हलवून बघा

मागच्या रविवारी भाचा दोन बेटकास्टिंग रील घेऊन बडोद्याला दांडिया बाजारात घरी आला. रील म्हणजे मासे धरायच्या काठीवरचं दोरा (लाइन) गुंडाळायचं यंत्र, आणि त्यातला दोरा ज्यावर गुंडाळतो ते रीळ म्हणजे स्पूल. एक नवीकोरी, खोक्यावर मोठ्या अक्षरात १८+१ बेअरिंग, आणि दुसरी मित्राकडून घेतलेली जुनी, कडा घासलेल्या, बेअरिंग मोजून चार. "मामा, हातात घेऊन बघ ना, काय बटर चालतेय नवी!" मी हँडल फिरवलं, खरंच बटर. पण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत, एवढी वर्षं काढल्यावर माणूस बटरवर भाळत नाही, कारण जाड ग्रीस भरलं की गिअरची खरखर आत दबून जाते आणि दुकानात दोन मिनिटं फिरवणाऱ्याला ती कधीच कळत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण रीलवाले सगळेच हे चुकीचं बोलतात. "टॉलरन्स एकदम टाइट आहे" असं म्हणतात आणि बोट दाखवतात स्पूल आणि फ्रेममधल्या फटीकडे. अहो ती फट म्हणजे क्लिअरन्स. टॉलरन्स म्हणजे ड्रॉइंगवर दिलेली सूट, की माप इतकं असावं पण एवढं कमी किंवा एवढं जास्त चालेल. आईकडे किराण्याचे एकसारखे बारा स्टीलचे डबे होते, कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसलं तर टॉलरन्स चांगला, आणि "ते झाकण त्या डाळीच्या डब्याचंच" असं लक्षात ठेवावं लागलं तर गेला. म्हणजे एकच रील हातात घेऊन टॉलरन्स कळूच शकत नाही! एकाच मॉडेलच्या दोन-तीन मागा, स्पूल आपसात बदलून बसवा, मग कळेल. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

एका रीलवर कळतं ते वेगळं. मी भाच्याला स्पूल अंगठ्याने धरून वर-खाली हलवायला सांगितलं. डावी-उजवीकडे थोडा प्ले असतो, तो साइडच्या नॉबने कमी-जास्त करता येतो, त्यात दोष नाही, पण वर-खाली टकटक लागली तर बेअरिंग आणि शाफ्टमध्ये ढिलाई आहे आणि ती कुठल्याच नॉबने जात नाही. लोक मात्र हँडलची मूठ डुगडुगते का तेच बघत बसतात, जिचा फेकण्याशी काडीचा संबंध नाही.

स्पूलवर मी एवढा का अडतो ते आकड्यात बघा. साध्या स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल स्थिर राहतो, लाइन नुसती सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये लाइन स्पूलला फिरवत नेते. समजा ३४ मिमी व्यासाचा स्पूल आहे आणि लाइन सेकंदाला २० मीटरने सुटली, तर स्पूल सेकंदाला जवळपास १८७ फेरे घेतो, मिनिटाला अकरा हजारांच्या वर. मोटरसायकलचं इंजिनसुद्धा सहसा एवढं पळत नाही. आता लाइनसकट २० ग्रॅमचा हा स्पूल सेंटरपासून फक्त ०.०५ मिमी सरकलेला असेल, म्हणजे कागदाच्या अर्ध्या जाडीएवढा, तर या वेगाला तो साधारण १४० ग्रॅम वजनाएवढ्या जोराने बेअरिंगला हाणतो, स्वतःच्या वजनाच्या सातपट, आणि तेही सेकंदाला १८७ वेळा. हातात जी झिणझिण येते ती ही, आणि तिच्यातच फेकीचं अंतर जातं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही स्पूलचे शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवले, स्पूलच्या काठावर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावला आणि हळू फिरवले. जुन्याचा काटा ०.०२ मिमीच्या आत हलला. नव्याचा ०.१०, म्हणजे सेंटर त्याच ०.०५ ने बाहेर. शाफ्ट वाकलाय का म्हणून डायल शाफ्टवर लावला, तर तो सरळ. म्हणजे स्पूलचं भोकच मध्यापासून सरकून पडलं होतं, आणि अठरा काय अठ्ठावीस बेअरिंग टाका, भोक जागेवर येत नाही. तसंही त्या अठरातली स्पूलला दोन-तीनच लागतात, बाकीची मुठीत, लाइन सारखी पसरवणाऱ्या आट्यांच्या दांड्याला (वर्म) आणि कुठे कुठे.

फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, घालून स्पूल-फ्रेममधली फटही बघितली. नव्या रीलला एका बाजूला ०.३० ची पट्टी आरामात गेली आणि समोरच्या बाजूला ०.१० ची अडकली. दहा पाउंडाची ब्रेडेड लाइन साधारण ०.१५ मिमी असते, ती रुंद बाजूने स्पूलच्या मागे शिरणारच. पण फट शून्य करूनही चालत नाही हं, वाळूचा एक कण गेला की स्पूल जाम.

ब्रेकचंही तसंच. हवेत गळ मंदावतो पण स्पूलला ते कळत नाही, तो लाइन सोडतच राहतो आणि लाइनीचा गुंता होऊन घरटं बनतं. म्हणून चुंबक असतात. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण त्याच्यासमोर जोरात फिरलं की त्यात भोवरा प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. चुंबक लांब गेला की हा जोर झपाट्याने पडतो, त्यामुळे डुगडुगत्या स्पूलला प्रत्येक फेकीला ब्रेक वेगळा लागतो आणि माणूस स्वतःच्या अंगठ्याला दोष देतो.

हे काम मुळात घड्याळजींचंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीतल्या पॅरिस गावचा जॉर्ज स्नायडर अशा रील बनवायचा, धंद्याने घड्याळजी. स्वीडनची आबू १९२१ साली घड्याळाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि त्याच वर्षी जपानमध्ये शिमानो सुरू झाली, ती सायकलच्या फ्रीव्हीलपासून.

भाचा आता जुनी रील घेऊन शहराबाहेरच्या तलावावर मरळीसाठी रबरी बेडूक फेकतो (विश्वामित्रीवर नाही, तिथे मगरी बसलेल्या असतात, आणि सोसायटीत "मासे धरतो" असं बोलायचीही सोय नाही). नवी रील दुकानात परत नेली. दुकानदाराने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या खोक्यातला स्पूल काढून बसवून दिला, तर तो फ्रेमला घासायला लागला. म्हणाला, "साहेब, असं नाही चालत, ज्या रीलचा स्पूल त्यालाच लागतो."