मिरची खाल्ली की पोपट बोलतो?

हिरवी मिरची खाऊ घातली की पोपटाची जीभ सुटते आणि तो बोलू लागतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आफ्रिकन ग्रे हा राखाडी, बोलका पोपट घरी आणणाऱ्यांनाही हाच सल्ला मिळतो.

पोपट मिरची आवडीनं खातो, हे खरंच. पायात धरून तो आतल्या बिया टिपत बसतो, पण ना मान झटकतो ना पाण्याकडे धावतो. कारण मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन हे द्रव्य पक्ष्यांना झोंबतच नाही. मग त्यानं जीभ सुटणार कशी? पोपटाचा आवाज निघतो श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून, आणि शब्द येतात ते रोज ऐकून, घरच्या माणसांशी जवळीक साधण्याच्या ओढीनं.

ताळा करून पाहा. मिरची भारतात आली पोर्तुगीजांबरोबर, १४९८ नंतर. संस्कृत कथांतले पोपट तर त्याच्या कित्येक शतकं आधीपासून बोलताहेत! शेतातल्या मिरच्या फस्त करणारे रानपोपटही आपली भाषा बोलत नाहीत.

मिरची जरूर द्या, तिच्यात जीवनसत्त्वं आहेत. पण त्याहून जास्त वेळ द्या. एकटा पडलेला ग्रे स्वतःचीच पिसं उपटू लागतो; छातीवर उघडी कातडी दिसली, तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.