दहावीचे इंग्रजी पाठांतरावर निघते का?

“गाईडमधले निबंध आणि पत्रे पाठ केली की दहावीच्या इंग्रजीचा पेपर निघतो,” असा निरोप परीक्षा जवळ आली की आपल्या विदर्भातल्या गावोगावच्या पालकांच्या मोबाइलवर फिरतो. हा समज अगदीच निराधार नाही, कारण पूर्वी धड्याखालच्या प्रश्नांची तयार उत्तरे लिहून पुष्कळ मुले उत्तीर्ण झालेली आहेत. आता मात्र ८० गुणांच्या लेखी परीक्षेला कृतिपत्रिका, म्हणजे ठरावीक प्रश्नांऐवजी कृती करायला सांगणारी प्रश्नपत्रिका असते. तिच्यातला न वाचलेला उतारा, त्याचा सारांश किंवा तक्त्यावरून लिहायचा परिच्छेद आधी पाठ करून ठेवता येत नाही.

माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येणाऱ्या एका मुलीला बारा निबंध तोंडपाठ होते, पण शेतातला कापूस जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी वेगळी काढण्यापर्यंत कसा जातो हे दाखवणारा तक्ता समोर ठेवताच तिचा पेन थांबला. दरवर्षी आईसोबत वेचणीला जाणाऱ्या तिला विषय नवा नव्हता, ‘कॉटन इज पिक्ड’ ही वाक्यरचना नवी होती. ‘पिक्ड’, ‘वेइड’, ‘सोल्ड’ अशी एकेक क्रियापदे बसवत गेल्यावर तिने सहा वाक्ये स्वतःच्या मनाने लिहिली, आणि शिकवणीचे खरे काम मी हेच मानतो.

पडताळणी घरीच करता येते. मागील दोन-तीन कृतिपत्रिका घ्याव्यात, पाठ केलेल्या मजकुरातून शब्दशः उत्तर देता येईल अशा कृतींना पेन्सिलने खूण करावी आणि तेवढ्याच गुणांची बेरीज करावी. नंतर पाठ असलेल्या निबंधातले एक वाक्य भविष्यकाळात लिहायला सांगावे. मूल जिथे अडेल, तिथून अभ्यास सुरू करावा.