पार्श्वभूमी : विरंगुळा केंद्र ते प्रांत कचेरी

नवी मुंबईतल्या नेरूळ-सानपाड्याच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत घरातला छळ कळतो, तो तक्रारीतून नव्हे. रोज पेपर वाचायला येणारे काका चार दिवस दिसत नाहीत. येतात तेव्हा चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असते आणि जेवणाचा विषय निघाला की ते उठून जातात. हे आधी दिसतं शेजारी बसणाऱ्याला. त्यावर काही करण्याचा अधिकार मात्र प्रांत कचेरीत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे.

आई-वडिलांना पोटगी मागण्याची सोय फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होती, पण तिथे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या 2007 च्या कायद्याने प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे आणलं, वकिलांना बाहेर ठेवलं आणि पोटगीच्या अर्जाला 90 दिवसांची मुदत घातली. ज्येष्ठाला स्वतः अर्ज करणं जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. ज्येष्ठ नागरिक संघांसाठी दार उघडलं ते इथे. पुढे 2010 मध्ये राज्याचे नियम आले. प्रत्येक पोलिस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटायचं, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवक बरोबर घेऊन. माझ्या मते सगळं मर्म या सोबतीत आहे. नुसती खाकी दारात उभी राहिली की आजी म्हणतात, 'सगळं बरंय हो.' संघातली ओळखीची बाई बरोबर असली की आत स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं.

खरा गुंता बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच मोबदला न घेता मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याच्या दस्ताचा आहे. इथल्या पहिल्या पिढीने सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची घरं हप्ते फेडून घेतली. आज बऱ्याच जणांची सगळी पुंजी म्हणजे तेवढा फ्लॅट. राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीस द्यायला राज्यात 2015 पासून मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, अधिभार वेगळे. 'आत्ताच नावावर करून टाका, नंतर कटकट नको' हा सल्ला त्यामुळे फार सोपा झाला.

सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर देणाऱ्याच्या मागणीवरून ते हस्तांतर रद्द ठरवता येतं, असं 2007 च्याच कायद्याचं कलम 23 सांगतं. पण अट म्हणजे काय? कागदावर लिहिलेली, की आई-मुलाच्या नात्यात धरलेली? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अट होती हे सिद्ध व्हायला हवं. नुसत्या नात्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलाचं सांभाळाचं वचनपत्रही होतं. दोन्ही कागद एकत्र वाचून आईला मालमत्ता परत मिळाली, आणि न्यायाधिकरण ताबाही देववू शकतं हे स्पष्ट झालं. त्याआधी 2020 मध्ये सुनेच्या राहत्या घरातल्या हक्काचा प्रश्न आला होता. तो हक्क या झटपट प्रक्रियेत डावलता येणार नाही, असा निर्णय झाला. तोही न्याय्यच होता. पण दरमहा 10,000 रुपयांची कमाल पोटगी या शहरांत किती पुरणार? म्हणून ज्येष्ठांची सगळी भिस्त घरावर असते.

हद्दीचा घोळ वेगळाच. खारघर-कामोठ्याचं पोलिस आयुक्तालय नवी मुंबईचं, पण जिल्हा रायगड. तिथल्या आजोबांचा अर्ज पनवेलच्या प्रांताकडे जातो, वाशीच्या आजोबांचा ठाण्याला. एकाच आयुक्तालयातल्या पोलिसांना दोन कचेऱ्यांशी जुळवून घ्यावं लागतं. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी कागद शेवटी यांपैकीच एका टेबलावर येतो.

केंद्रातला निवृत्त कारकून अशा वेळी नेहमी आधी बक्षीसपत्राची प्रत मागतो. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद निघतो. तो पानं उलटत 'सांभाळ' हा शब्द शोधतो. एजंटाच्या तयार मसुद्यात बहुधा 'प्रेमापोटी' एवढंच असतं.