शाहिराची सहचारिणी (सोलापूर)

कामगार चळवळीतल्या लोकशाहिराची पत्नी आणि त्याच चळवळीतली कार्यकर्ती. शाहिरीच्या इतिहासात कवन कोणी रचले, डफावर थाप कोणाची होती, हे नोंदले जाते. शाहीर दौऱ्यावर किंवा तुरुंगात असताना घरची चूल कशावर पेटत होती, हे सहसा कोणी लिहीत नाही. सोलापूरच्या अनेक कामगार घरांत ती विडीवर पेटत होती.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या आल्या. पुरुष गिरणीत किंवा मागावर आणि बाई घरी विड्या वळणारी, अशी संसाराची घडी बसली, विशेषतः पूर्व भागातल्या तेलुगू भाषक वस्त्यांत. पाने भिजवायची, कात्रीने बेतून कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची आणि कारखान्यात नेऊन मोजून द्यायची. मजुरी हजार विड्यांमागे. मापात न बसलेल्या विड्या बाजूला काढल्या, की तेवढे कष्ट फुकट. संप लांबला की सारे घर या हजारांच्या हिशेबावर चाले. संपकरी शाहीर चौकात उभा राहून गाऊ शकला, त्यात या मजुरीचा वाटा मोठा आहे.

तिचे काम घरापुरते नव्हते. वर्गणी गोळा करणे, बाहेरगावच्या कार्यकर्त्यांच्या भाकरीची सोय पाहणे, शेजारणींना मोर्चासाठी घराबाहेर काढणे हे तिच्याकडे असे. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या या शहरात मराठी पोवाड्याचा आशय शेजारणीला तिच्या भाषेत सांगणे, हेही संघटनेचेच काम होते. काही जणी झीलकऱ्यांत, म्हणजे शाहिरामागे ध्रुपद उचलून धरणाऱ्या साथीदारांत, उभ्या राहून गात. फडावर उभ्या राहणाऱ्या बाईकडे समाज ज्या नजरेने पाहत असे, ती लक्षात घेतली तर या धैर्याचे मोल कळते.

सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेले मोठे लोकशाहीर म्हणजे बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९), मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शीच्या गिरणीत त्यांनी काम केले आणि कामगार लढ्यात तुरुंगवास भोगला. गाण्याचा पहिला संस्कार आई मुनेरबी यांच्या ओव्यांचा. मुंबईत १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले; संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव पोहोचला. त्यांच्या पत्नी कुसुम जयकर स्वतः कम्युनिस्ट कार्यकर्त्या होत्या आणि हा विवाह आंतरधर्मीय होता. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. अण्णाभाऊंच्या सहचारिणी जयवंताबाई याही चळवळीतल्याच. या दोघी सहचारिणींच्या कामाचे स्वतंत्र, सविस्तर चरित्र मराठीत ठळकपणे असायला हवे. शाहिराच्या चरित्रातल्या एखाद्या परिच्छेदावर त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुरुषांची संघटना विस्कटली; विडी मात्र चालू राहिली, त्यामुळे सोलापूरच्या कामगार चळवळीत बायकांचे बळ वाढत गेले. मजुरीवाढ आणि घरे या मागण्यांसाठी त्या स्वतः रस्त्यावर उतरल्या. शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. वसाहतीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे.