उघडलेली फाइल कुणी बंद करायची?

इंदुरात त्या जागेला अजून सगळे 'कॅट'च (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) म्हणतात. डिसेंबर 2005 मध्ये तिचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं. त्याच महिन्यात इंडस-2 देशाला अर्पण झाला. 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन 172.5 मीटर परिघाच्या कड्यात फिरवायचे आणि त्यांच्यापासून निघणारे क्ष-किरण प्रयोगाला वापरायचे, असं ते यंत्र आहे. तिथे मिळालेल्या दिवसांत विद्यार्थी रात्र जागून मोजमापं घेतात, आणि पुढचे कित्येक महिने त्या फाइलींमध्येच त्यांचा मुक्काम असतो. अशा फाइली वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधले बदल तपासणं हे माझं काम. रिव्ह्यूला नव्यानं बसणारी मुलं मला विचारतात, "ताई, फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची. ह्यात तपासायचं काय?" त्याचं उत्तर द्यायचं तर चाळीसहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

1979 मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी 'फिट्स' हा फाइलीत डेटा मांडण्याचा साचा ठरवला, तेव्हा डेटा चुंबकीय फितीवरून एका वेधशाळेतून दुसरीकडे जायचा. प्रत्येक संगणकाचा 'शब्द', म्हणजे तो एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट, वेगळ्या लांबीचा, कुठे 16 बिट, कुठे 36, कुठे 60. म्हणून त्यांनी 2880 बाइटांचा ठोकळा घेतला. म्हणजे 23,040 बिट, आणि ह्या आकड्याला त्या सगळ्या लांब्यांनी नि:शेष भाग जातो. फिती गेल्या, 60 बिटांची यंत्रं गेली, पण आजची फिट्स फाइलही 2880 च्याच पटीत असते. मला हा आकडा फार आवडतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की फीत एका टोकाकडून दुसरीकडे वाचली जाई. एक वाचणारा, एक फीत, संपली की गुंडाळून ठेवली. ती कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न फारसा पडतच नव्हता.

तो पडायला लागला एचडीएफपासून. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए ह्या महासंगणक केंद्रात 1980 च्या दशकाच्या अखेरीस हा साचा तयार झाला. एकाच फाइलीत चित्रं, तक्ते, टिपणं असं सगळं मावत होतं आणि हवं ते मधूनच उघडता येत होतं. ही मोठीच सोय होती. मात्र फाइलीतली जागा 32 बिटांत मोजल्यामुळे 2 जीबीच्या पुढे फाइल जात नव्हती. आज हे हास्यास्पद वाटेल, पण 2048 गुणिले 2048 बिंदूंचं, दर बिंदूला 2 बाइटांचं एक चित्र 8 एमबीचं होतं. एखादा नमुना फिरवत हजार कोनांतून हजार चित्रं घेतली की 8 जीबी ओलांडले.

1998 मध्ये एचडीएफ-5 आलं ते जवळजवळ सगळं नव्यानं लिहून. इंदुरात इंडस-2 च्या आधीचा इंडस-1 सुरू झाला त्याच्या एक वर्ष आधी. न्यूट्रॉन आणि क्ष-किरणांच्या प्रयोगांसाठीचा 'नेक्सस' हा साचा आधी जुन्या एचडीएफवर उभा होता, तोही पुढे ह्यावर आला. आकाराची मर्यादा सुटली, पण तपासणाऱ्याच्या डोक्याला खरा ताप इथूनच सुरू झाला, म्हणून इथे जरा थांबते.

इंदुरातल्या रामबागेतल्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना आठवत असेल, मालकांनी कितीही सांगितलं तरी शेवटचा बिऱ्हाडकरू घरी आल्याशिवाय दिंडीला कडी लागत नसे. एचडीएफ-5 चं तसंच आहे. फाइल उघडली की एक हँडल, म्हणजे त्या उघड्या गोष्टीचा क्रमांक, मिळतं, तिच्यातला गट उघडला की दुसरं, गटातला डेटासेट, म्हणजे आकड्यांचा संच, उघडला की तिसरं. तुम्ही फाइल बंद करण्याची आज्ञा दिलीत, ग्रंथालयानं, म्हणजे एचडीएफ-5 फाइली हाताळणाऱ्या तयार कोडनं, 'ठीक' असं उत्तरही दिलं, पण एखादा डेटासेट उघडा राहिला असेल, तर मुळात ठरलेल्या वागणुकीनुसार फाइल आतून उघडीच राहते. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका प्रयोगशाळेत फाइली एका साच्यातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम दर वेळी हजाराच्या आसपास मरायचा. तिथली मुलं एकमेकांना सांगत, नऊशेच्या वर फाइली एकदम देऊ नका. हा नियम कुठून आला, कुणालाच ठाऊक नव्हतं. लिनक्सवर एका प्रोग्रॅमला एका वेळी सहसा 1024 फाइली उघड्या ठेवता येतात, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. तापमानाची नोंद सापडली नाही तर मधूनच बाहेर पडणारी एक ओळ होती, आणि तिच्या आधी उघडलेला डेटासेट तसाच राहत होता. एकाही फाइलीत तापमान नव्हतं, म्हणून प्रत्येक फाइल अडकत होती. नऊशेचा नियम पाळत माणसांनी किती संध्याकाळी घालवल्या असतील, ह्याचा विचार आला की आजही वाईट वाटतं.

मेमरीची गोष्ट ह्याच्या शेजारचीच. नेक्ससच्या जुन्या सी ग्रंथालयात मेमरी 'एनएक्स-मॅलॉक'नं घ्यायची आणि 'एनएक्स-फ्री'नं सोडायची. सोडायची कुणी, हे फक्त माहितीपत्रकात. सी++ मध्ये 1998 साली 'ऑटो-पॉइंटर' आला, म्हणजे घेतलेली मेमरी सोडण्याची जबाबदारी, तिची मालकी, स्वतःकडे ठेवणारी वस्तू, पण त्याची नक्कल केली की मालकी गुपचूप नकलेकडे जाई आणि मूळ रिकामं होई. भाषेच्या 2011 च्या प्रमाणित आवृत्तीत त्याच्या जागी 'युनिक-पॉइंटर' आला. त्याची नक्कलच करता येत नाही, मालकी द्यायची तर तसं उघड लिहावं लागतं. 2017 मध्ये जुना पॉइंटर भाषेतूनच काढला. आज रिव्ह्यूला येणारे बरेच बदल म्हणजे हीच जुनी थकबाकी फेडणं असतं. हातानं बंद करायची हँडलं अशा वस्तूत गुंडाळायची, की ती वस्तू संपली की हँडल आपोआप बंद होईल, मग बाहेर पडण्याची वाट कुठलीही असो. पायथॉनमध्ये हेच काम 2006 पासून 'विथ' करतं.

तपासण्याची रीतही बदलली आहे. 1976 मध्ये आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी मांडलेल्या पद्धतीत माणसं एकत्र बसून सगळा कोड ओळीओळीनं वाचत. 2005 मध्ये गिट आल्यानंतर आपण वाचतो तो मुख्यतः फरक, म्हणजे बदललेल्या ओळी आणि आजूबाजूच्या दोनचार. इतर कामांना ते पुरतं. इथे पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. उघडणारी ओळ नवी म्हणून हिरवी दिसते, पण मधूनच बाहेर पडणारी ओळ दोन वर्षांपूर्वीची असल्यामुळे पडद्यावर येतच नाही. 'व्हॅलग्राइंड' आणि 'अ‍ॅड्रेस-सॅनिटायझर' ही हत्यारं मेमरीची गळती पकडतात, पण चाचणीत जी वाट चाललीच नाही तिच्याबद्दल ती मुकी असतात. एचडीएफ-5 चं हँडल तर त्यांच्या दृष्टीनं नुसता एक पूर्णांक.

एचडीएफ-5 च्या 2016 मधल्या 1.10 आवृत्तीनं आणखी एक पेच आणला. प्रयोग चालू असताना एक जण लिहितोय आणि बाकीचे वाचताहेत, अशी सोय झाली. त्यासोबत ग्रंथालय फाइलीला कुलूपही लावू लागलं. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर ते कुलूप काही ठिकाणी चालेना, तेव्हा पुढे ते बंद ठेवण्यासाठी एक पर्यावरण-चल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिली जाणारी सेटिंग, दिला गेला. फाइल उघडत नाही म्हटलं की मुलं तो चल बदलतात आणि पुढे जातात. कधी ते बरोबर असतं. कधी मात्र तीच फाइल दुसऱ्या कुणाच्या न मिटलेल्या हँडलमध्ये अडकलेली असते.

परवाच एका विद्यार्थिनीचा एक बदल आला होता, फक्त सहा ओळींचा. हजार चित्रांचा संच पूर्णांकातून 32 बिटांच्या दशांशात बदलायचा. ओळी अचूक होत्या. पण मूळ 8 जीबीचा संच अजून हातात, शेजारी नवा 16 जीबीचा, म्हणजे 16 जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर हे चालणारच नव्हतं. मी तिला विचारलं, "जुन्याचं काम कुठल्या ओळीला संपतं?" तिनं पूर्ण फाइल उघडली आणि वरपासून वाचायला घेतली.