टर्बो जुना म्हणजे गाडी भंगार? नाही ना भाऊ!

भाचा जर्मनीत आहे, १९८६ ची वापरलेली पोर्शे ९४४ टर्बो घेऊ का म्हणून इचारत होता, त इकडं दारव्ह्यात पारावर सगळे म्हणे टर्बोची जुनी गाडी घेऊच नको, कधीही फुटते. हे खरं नाही. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाले लाखावर फेरे घेते पण तेलाच्या थरावर, तेल वेळेवर बदललं त वर्षानुवर्षं टिकते. तापलेलं इंजिन झटकन बंद केलं की तेल जळते, म्हणून या गाडीत इंजिन बंद केल्यावरही टर्बोले पाणी फिरवणारा पंप दिला आहे. खरी भीती टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनच्या झडपा (व्हॉल्व्ह) अन् पिस्टनचा मेळ ठेवणाऱ्या पट्ट्याची! तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बेल्ट बदलल्याचं बिल नसन त तेवढे पैसे किमतीतून काप, सांगितलं त्याले.