किंचित वाढलेलं प्रेशर: मिठाच्या आधी मज्जातंतूंची गोष्ट

आमच्याकडे फोंड्यात काय, म्हापशात काय, कोणाचं प्रेशर १३४-८६ आलं की सगळा दोष मिठावर जातो, सुके बांगडे बंद, तोरांचं लोणचं बंद. मिठाचा संबंध आहेच, ते कोणी नाकारत नाही, पण तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं प्रेशर एवढंसं वाढतं तेव्हा त्यात मज्जातंतूंचा हात बरेचदा मोठा असतो आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. असं का झालं ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

१८५१ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला सिम्पथेटिक मज्जातंतू (आपल्या इच्छेशिवाय हृदय आणि रक्तवाहिन्यांना चेतवणाऱ्या जाळ्यातला) कापला, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. मग ब्राऊन-सेकार आणि स्वतः बर्नार यांनी त्याच मज्जातंतूला विजेचा झटका दिला तर रक्तवाहिन्या आवळल्या आणि कान परत गार पडला. म्हणजे आपल्या रक्तवाहिन्या मज्जातंतूंनी सतत थोड्या आवळून धरलेल्या असतात, आणि ही पकड जरा घट्ट झाली की प्रेशर वर. पुढे १८६६ मध्ये लुडविग आणि सिऑन यांना याच्या उलट काम करणारा, प्रेशर खाली आणणारा मज्जातंतू सापडला, आणि १९२० च्या दशकात हेरिंग यांनी दाखवलं की मानेतल्या मोठ्या धमनीत प्रेशरवर लक्ष ठेवणारी एक जागाच आहे. यातली वाईट गोष्ट अशी की प्रेशर बरेच दिवस वर राहिलं तर ती जागा त्या वरच्या आकड्यालाच नॉर्मल धरायला लागते.

एवढं कळल्यावर उपचारही मज्जातंतूंवरच सुरू झाले. अमेरिकेत स्मिथविक वगैरे सर्जन १९३०-४० च्या दशकांत पाठीकडून हे मज्जातंतूच कापायचे, प्रेशर उतरायचंही, पण माणूस उभा राहिला की चक्कर. मग १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी प्रेशर उतरवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळावरचा अभ्यास ब्रिटिश जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्यांच्या नावाची बाग पणजीत आहे, त्यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या पुस्तकात साप चावल्यावर द्यायच्या मुळांबद्दल लिहिलंय, त्यातलं एक सर्पगंधा असं अभ्यासक मानतात. १९५२ मध्ये सर्पगंधेतून रेझरपिन हे औषध वेगळं काढलं, ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रेनालिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आवळायचा निरोप नेणाऱ्या रसायनाचा, साठाच रिकामा करतं. प्रेशर उतरतं पण काही जणांना नैराश्य यायचं, म्हणून सांगते, घाटातून मुळं आणून स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नका.

१९५८ च्या आसपास लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आल्या, सोप्या आणि त्या मानाने सुरक्षित, आणि सगळं लक्ष मीठ आणि किडनीकडे वळलं. मला वाटतं आपल्या डोक्यात आजही जे चित्र आहे ते तिथूनच आलंय.

पण अमेरिकेतल्या मिशिगनचे संशोधक स्टीव्हो ज्युलियस यांनी विषय सोडला नाही. १९७१ मध्ये त्यांनी किंचित वाढलेलं प्रेशर आणि जोरात चालणारं हृदय असलेल्या तरुणांना औषध देऊन हृदयाकडे जाणाऱ्या दोन्ही मज्जातंतूंचं काम तात्पुरतं थांबवलं, तर हृदय नॉर्मल माणसासारखं चालायला लागलं. म्हणजे वेग वाढवणारा मज्जातंतू जास्त जोरात आणि ब्रेक लावणारा ढिला, दोन्ही एकदम. १९९१ मध्ये मिशिगनमधल्याच टेकम्सी गावातल्या अभ्यासात अशा किंचित वाढलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांत हृदय जोरात चालतंय असं दिसलं. त्याआधी १९८९ मध्ये अमेरिकेतल्याच आयोवात अशाच लोकांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई घालून थेट सिग्नल मोजले, तेही जास्तच निघाले. आणि नॉर्वेत लुंड-योहान्सेन यांनी स्वतः आधी तपासलेलेच असे लोक वीस वर्षांनी परत तपासले तर हृदयाचा जोर कमी झाला होता पण रक्तवाहिन्यांतला विरोध वाढून बसला होता, त्यामुळे तोपर्यंत सुरुवात मज्जातंतूंनी केली होती हे वरवर तपासून कळणार कसं?

आता किडनीजवळचे मज्जातंतू कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने, निकामी करायच्या उपकरणांना २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालीय, पण ती औषधांनी नीट न उतरणाऱ्या प्रेशरसाठी. १३४ वाल्यांसाठी नियमित चालणं आहे, त्याने सिम्पथेटिकचा जोर उतरतो, आणि झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी, कारण अशा लोकांचे हे मज्जातंतू दिवसा जागेपणीही जास्त जोरात चालू असतात.